नकलेची रुजुवात

हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात बीट आटोपून वजनकाट्यांभोवतीचा गलबला ओसरला, की आडत दुकानांच्या मागील खोल्यांतून जे काम सुरू होते, त्याकडे बाहेरच्या इसमाचे सहसा लक्ष जात नाही. कांडी आणि गोळ्याचे दर, हमाली, तोलाई, पट्टीतून वजा झालेली उचल, असा दिवसाचा सारा जमाखर्च एका लॅपटॉपमध्ये जमा झालेला असतो. आणि ज्याने वर्षभर कंद जोपासून, उकडून, वाळवून, ढोलात घासून माल आणला, त्याचे दुकानाकडील येणे या दप्तरावरूनच ठरत असल्यामुळे, त्याची राखीव नक्कल करणे हे मला मोठ्या जबाबदारीचे काम वाटते.

अशा एका दुकानात मुनीमजींनी प्रथम टॅली पूर्ण बंद केली, कारण नोंदी चालू असताना उचललेल्या नकलेत अर्धा मजकूर जुना व अर्धा नवा येण्याचा संभव असतो. फळीवर दोन हार्ड डिस्क असलेली नेटवर्क ड्राइव्हची पेटी होती. तिच्या पंख्याच्या जाळीवर बसलेली हळदीची पिवळी पूड त्यांनी मऊ ब्रशने झाडली आणि वाय-फायवर विसंबून न राहता लॅपटॉपला केबल जोडली. पहिल्या खेपेस सर्व दप्तर जाते, त्यास तासन्‌तास लागतात. पुढे केवळ बदललेले तेवढेच जाते. तरीही हजारो बारीक फायलींना एका मोठ्या फायलीपेक्षा अधिक विलंब होतो, कारण प्रत्येकीचे नाव, परवानगी, उघडणे व मिटणे यांची देवघेव नेटवर्कवरून स्वतंत्रपणे व्हावी लागते.

मध्येच वीज गेली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालतो, परंतु पेटी आणि राउटर बंद पडल्यास त्याचा काय उपयोग? येथे ती दोन्ही यूपीएसवर घेतलेली असल्याने काम तहकूब झाले नाही.

दोन डिस्कांवर एकच मजकूर उतरतो म्हणून पुष्कळजण निर्धास्त राहतात, हे मात्र घातक आहे. चुकून पुसलेले खाते दोन्हींवरून तत्क्षणी पुसले जाते. म्हणून मागील तारखांच्या नकला वेगळ्या राखाव्या लागतात, आणि आगीची वा चोरीची तजवीज म्हणून एक डिस्क मालकांच्या घरी असते. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हपर्यंतही पोहोचतो, म्हणून नक्कल होताच मुनीमजी पेटीची जोडणी तोडतात व तिचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये साठवून ठेवत नाहीत.

वस्तू व सेवा कर कायद्यान्वये हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जतन करावे लागतात. 2017 च्या नियमावलीतील नियम 57 असेही फर्मावतो, की मूळ दप्तर अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नष्ट झाल्यास वाजवी काळात माहिती परत मिळवता येईल अशा रीतीने नक्कल राखावी. यातील परत मिळवण्याची अट बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. मुनीमजी ती पाळतात. पेटीतील नक्कल दुसऱ्या संगणकावर उतरवून, टॅलीत उघडून, ते कोणतेही एक खाते निवडतात व त्यातील वजन, दर, कपात आणि शिल्लक छापील पट्टीशी ओळीगणिक ताडून पाहतात. एका रकमेचा जरी फरक निघाला, तरी ती नक्कल रद्द समजून सारे काम नव्याने होते, आणि तोवर दुकानाला कुलूप लागत नाही.