चित्र खरे किती मोठे?

कांद्याच्या पापुद्र्याचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले चित्र आम्ही एका ऑनलाइन पाठात घातले. संगणकाच्या पडद्यावर ते ३० सेंटिमीटर रुंद दिसत होते. मोबाइलवर तेच चित्र पडद्यात मावण्यासाठी आपोआप ६ सेंटिमीटरचे झाले, म्हणजे एक पंचमांश. त्यावरची ४ मिलिमीटरची अक्षरे ०.८ मिलिमीटरची झाली. ‘केंद्रक’ हा शब्द तिथे होता, पण वाचता येत नव्हता!

यावर उपाय काय? नावे चित्राखालच्या मजकुरात द्यावीत. चित्रावर फक्त ठळक आकडे घालावेत. चित्राचा हवा तेवढाच भाग कापून घ्यावा. निम्मी रुंदी ठेवली, तर त्याच पडद्यावर पेशी दुप्पट मोठ्या दिसतात. मात्र ४:३ प्रमाणातले चित्र ताणून १६:९ करू नये. तसे केले तर गोल केंद्रक लांबट दिसते.

आता चित्राखाली आपण लिहितो, ‘१०० पट मोठे’. चित्राचा आकार पडद्यागणिक बदलत असेल, तर हे खरे कसे राहील? त्याऐवजी चित्रातच ०.१ मिलिमीटर लांबी दाखवणारी रेघ काढावी. चित्राबरोबर तीही त्याच प्रमाणात लहान-मोठी होते. आमच्या न कापलेल्या चित्रातली रेघ संगणकावर २५ मिलिमीटर भरली, म्हणजे चित्र २५० पट. मोबाइलवर ५ मिलिमीटर, म्हणजे ५० पट. पेशीची खरी लांबी मात्र दोन्हीकडे एकच निघाली.

चित्र कापताना ही रेघ मात्र कापली जाऊ देऊ नका. मग मुलांच्या हाती पट्टी द्या आणि पेशी मोजायला सांगा.