हल्ला होऊन गेला, तरी भीती जात नाही

गेल्या पावसाळ्यात गल्लीतली एक मावशी माझ्याकडे आली. लघवीला जळजळ, अंगात कणकण. मी नेहमीसारखं विचारलं, "मावशी, पाणी किती पिता?" ती म्हणाली, "दुपारी चारनंतर थेंबही घेत नाही." का, तर सार्वजनिक संडास गल्लीच्या पार टोकाला, आणि अंधार पडल्यावर तिकडं जायची तिची हिंमत होत नाही. दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या पाळीहून घरी येताना दोन पोरांनी तिच्या गळ्याला कोयता लावून मोबाईल आणि पगाराचे पैसे काढून घेतले होते. झटापटीत हाताला तीन टाके पडले, ते केव्हाच सुकले होते. पोलिसात तक्रार नोंदवून झाली होती. घरच्यांच्या हिशेबी विषय संपला होता. तिला मात्र रोज रात्री तोच कोयता दिसत होता. काम सुटलं होतं आणि आता हे दुखणं मागं लागलं होतं.

महापालिकेच्या दवाखान्यात लघवी तपासून गोळ्या मिळाल्या, जळजळ थांबली. पण खरं दुखणं भीतीचं होतं. मी स्वतः कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढली आहेत. मारहाणीचा पेशंट आला की आम्ही टाके घालायचो, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचो, "घाबरू नका" म्हणायचो आणि पुढच्या पेशंटकडं वळायचो. त्या घाबरण्याचं काय करायचं, हे आम्हालाही कुणी नीट शिकवलं नव्हतं.

जीव धोक्यात आला की मेंदू विचार करत बसत नाही, शरीराला थेट हुकूम सोडतो. रक्तात अॅड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. कुणी पळतं, कुणी अंगावर धावून जातं, आणि कित्येक जण जागच्या जागी थिजतात. आवाजच फुटत नाही. म्हणून "ओरडली का नाहीस?" हा प्रश्न कृपा करून कुणाला विचारू नका. थिजणं आपल्या हातात नसतं. त्यात भित्रेपणा नाही, आणि बाईच्या बाबतीत संमती तर नाहीच नाही.

घटना सरते, पण शरीराची ही धोक्याची घंटा लगेच बंद होत नाही. मागून मोटरसायकल आली तरी दचकायला होतं. झोप लागत नाही, लागली तर तेच स्वप्न. घरात बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते. काहींना उलट काहीच वाटत नाही, बधिर झाल्यासारखं होतं. लहान मूल सुटलेलं अंथरूण पुन्हा ओलं करू लागतं, आईचा पदर सोडत नाही. त्याला रागावू नका. पहिल्या काही आठवड्यांत हे सगळं होणं स्वाभाविक आहे. सोबत, झोप आणि रोजची कामं यांच्या आधारानं बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. यात बाहेरची बाधा काही नाही. हे लिहावं लागतं, कारण आपल्यातल्याही काही घरांतून अजून रात्री गुपचूप उतारा टाकला जातो आणि दिवसा विहारात येऊन बसलं जातं.

घरच्यांनी काय करायचं? आधी गर्दी आवरायची. वस्तीत काही झालं की चाळीस माणसं येतात, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. येतात मायेपोटीच, पण दर वेळी सांगताना तो प्रसंग पुन्हा अंगावर येतो. घरातल्या एकानं दारात बसावं आणि आल्यागेल्याला चार वाक्यांत सांगून चहा द्यावा. "मन मोकळं कर, सगळं सांग" असा आग्रहही नको. तिला आपणहून बोलावंसं वाटलं तर शांतपणे ऐका, मध्ये सल्ला देऊ नका, आणि "एवढ्या रात्री कशाला निघालीस" हे तर तोंडातून काढूच नका. पोट भरायला पाळी करावी लागते म्हणून ती निघाली होती.

पटाचारा थेरीची गोष्ट विहारात अनेकींनी ऐकली असेल. नवरा, मुलं, आईबाप एकापाठोपाठ गेल्यावर ती भान हरपून फिरत होती आणि लोक वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांपुढे तिचं भान परत आलं, तेव्हा आधी अंगावर टाकायला वस्त्र मिळालं, मग तिचं दुःख ऐकून घेतलं गेलं, उपदेश त्यानंतर झाला. आपण पुष्कळदा उपदेशापासूनच सुरुवात करतो.

ध्यानाबद्दलही स्पष्ट बोलते. "हिला शिबिराला पाठवा, मन शांत होईल" असं मावशीलाही सांगणारे भेटले. घाव ताजा असताना तासन् तास डोळे मिटून बसलं, तर काहींना तोच प्रसंग अधिक ठसठशीत दिसू लागतो. सध्या डोळे उघडे ठेवून बसावं. पाय फरशीला टेकवावेत, श्वास हळू सोडावा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत: कळशी, खिडकी, कॅलेंडर. आपण आत्ता इथं, घरात आहोत, हे शरीराला त्यातून कळतं. शिबिर पुढं कधीतरी.

झोपेसाठी मेडिकलवाल्याकडून गोळी मागून घेऊ नका. अल्प्राझोलाम आणि तिच्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात भीती किंवा झोपेसाठी त्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं आहे. संध्याकाळनंतर चहा आणि मिश्री कमी करा, दोन्हींनी झोप उडते. पुरुषांची भीती बहुधा रागातून बाहेर पडते. "बघून घेतो" म्हणत पोरगा बाहेर पडतो किंवा बाप बाटलीकडं वळतो. त्यांनाही जवळ बसवा. आईच्या अंगावर हात टाकणाऱ्याला शिक्षा व्हावी असं वाटणं चूक नाही, पण पोरगा हत्यार घेऊन निघाला तर त्याच आईला उद्या जेलच्या दारात उभं राहावं लागेल.

मावशीच्या बाबतीत आम्ही दिवसाउजेडी सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सुनेबरोबर दुपारी संडासापर्यंत जाऊन यायचं. छाती धडधडली तर लगेच मागं फिरायचं नाही, धडधड थोडी उतरेपर्यंत तिथंच थांबायचं. मग संध्याकाळी सात वाजता, मग नऊ वाजता. पण आधी एक गोष्ट तपासली. संडासाजवळचा दिवा बंदच होता! तिथं तिची भीती बरोबर होती, मनाचा खेळ नव्हता. महिला मंडळानं वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तीन हेलपाटे घातले, तेव्हा दिवा लागला. हल्ला करणारे मोकळे फिरत असतील किंवा धमकावत असतील, तर धीर देण्याआधी पोलिसांना लेखी कळवा.

महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, घराबाहेर न पडणं तसंच राहिलं, तर सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर एक दिवसही थांबू नका आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. समुपदेशनानं हा आजार बरा होतो. काहींना डॉक्टर नैराश्यावरच्या गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला दोनचार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नका. लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र तासांचा हिशेब असतो. एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळणारी औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. कोणत्याही रुग्णालयानं, सरकारी असो वा खाजगी, पहिले उपचार मोफत द्यायचे, असा कायदा आहे.

हल्ला जातीवरून झाला असेल, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 15अ वाचून घ्या. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण आणि तपास-खटल्यासाठी प्रवासखर्च मिळण्याचा हक्क त्यात आहे. प्रवासखर्चाचं सांगते, कारण तारखेला एकटीनं जाण्याची धास्ती कित्येकींना खचवते.

मावशी आता रात्री जेवताना तांब्याभर पाणी पिते. काम दुसरं मिळालं आहे, दिवसपाळीचं, पगार थोडा कमी. साक्ष अजून व्हायची आहे. समन्स आलं की झोप पुन्हा उडेल, हे तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी सून आणि मी, दोघी तिच्याबरोबर कोर्टात जाणार आहोत.