खोलीला कोणता रंग द्यावा?

ईदपूर्वी घराला रंग द्यायचे आमच्या घरी ठरले. आतल्या खोलीसाठी दोन रंग पुढे आले. एक दुधाच्या सायीसारखा फिकट पिवळसर, म्हणजे क्रीम आणि दुसरा फिकट अस्मानी. अम्मीला अस्मानी आवडला होता. अब्बा म्हणाले, "दोन्ही फिकटच आहेत. कोणताही द्या."

पण त्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. तिच्यापाशी बसून अम्मी दिवसभर शिवणकाम करते. सुईत दोरा ओवताना तिला आता त्रास होतो. शिवाय पुन्हा रंग द्यायला चार-पाच वर्षे तरी जाणार होती.

मुलांनो, भिंतीवर पडलेल्या प्रकाशाचा जो भाग परत येतो, तोच आपल्याला रंग म्हणून दिसतो. क्रीम रंग थोडा निळा प्रकाश शोषून घेतो. अस्मानी रंग तांबडा आणि पिवळा शोषतो. आपल्या डोळ्यांना पिवळा-हिरवा प्रकाश अधिक तेजस्वी वाटतो, निळा कमी. म्हणून क्रीम भिंतींची खोली जास्त उजळ वाटते. (चुन्यात नीळ घालतात, तिची गंमत वेगळीच. नीळ चुन्याचा पिवळेपणा लपवते, म्हणून भिंत जास्त पांढरी भासते. खरे तर ती किंचित कमी प्रकाश परत पाठवते!)

उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसे येत नाही. आभाळाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. त्यात अस्मानी भिंत उदास दिसते. पश्चिमेच्या खोलीत दुपारचे कडक ऊन येते. तिथे मात्र हाच रंग डोळ्यांना गार वाटतो.

रंगारी चाचा म्हणाले, "कार्डावर बघून रंग ठरवू नका." त्यांनी भिंतीवर दोन-दोन फुटांचे दोन चौकोन रंगवले. ओला डिस्टेंपर गडद दिसतो, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो. सकाळी दोन्ही चौकोन छान दिसले. रात्री पिवळा बल्ब लावला तेव्हा अस्मानी मळकट वाटला, तर क्रीम फारच पिवळा. ट्यूबच्या पांढऱ्या उजेडात दोन्ही पुन्हा ठीक दिसले.

चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चारही भिंतींना रंग लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग अधिक गडद भासतो. म्हणून आम्ही क्रीममधली आणखी फिकट छटा घेतली. छताला पांढरा चुना दिला.

अम्मी थोडी नाराज होती. तिच्यासाठी दाराला अस्मानी ऑइल पेंट लावला.