कॉन्व्हेंटचा पहिलीचा वर्ग कुणासाठी?

सातारा-सांगलीत कॅथलिक घरं मोजकीच, त्यामुळे इथल्या कॅथलिक शाळांच्या बाकांवर बहुतेक मुलं इतर धर्मांची असतात. पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट धर्मभगिनींनी १८९५ मध्ये सुरू केलं. अशा शाळांत डिसेंबरात बाळ येशूच्या गोठ्यात गवत पसरणाऱ्या चिमुकल्यांत पाटील, शिंदे, मुल्ला सगळेच. मग पहिलीच्या पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना देण्याचं शिक्षणहक्क कायद्याचं बंधन त्यांना का नाही? कारण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी त्यावरच शंका घेऊन प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. म्हणूनच या शाळांसाठी पुढची सुनावणी स्नेहसंमेलनापेक्षा महत्त्वाची.

हे बंधन घातल्याने घटनेच्या तिसाव्या कलमावर घाला येईल, हा आक्षेप हलका नाही. पण ते कलम अल्पसंख्याकांचा संस्था चालवण्याचा हक्क राखतं, आणि चार गरीब मुलं बाकावर बसल्याने प्रार्थना बदलत नाही की व्यवस्थापन. सरकारकडून या जागांच्या फीची भरपाई रखडते, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिचा जाब सरकारला विचारावा. मुलांना दारातून परतवू नये.