स्पॅनिशमधली ‘केलेली’ रूपं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाच्या वहीत एक चूक हमखास सापडते. ‘मी दोन पत्रं लिहिली आहेत’ हे तो ‘ए एस्क्रितास दोस कार्तास’ असं लिहितो. बरोबर वाक्य आहे ‘ए एस्क्रितो दोस कार्तास’. चूक होते ती मराठी पक्की असल्यामुळे. आपण आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं म्हणतो. क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘कार्ता’ स्त्रीलिंगी, त्यातही दोन, मग ‘एस्क्रितास’च हवं ना?

गैरसमज: धातूपासून झालेलं हे रूप विशेषणच, म्हणून ते कायम लिंग-वचनाप्रमाणे बदलतं.

वस्तुस्थिती: रूप एकच, पण त्याच्या नोकऱ्या दोन. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, त्याचं ‘आब्लादो’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचं ‘कोमिदो’. ‘बिबिर’ म्हणजे राहणे, त्याचं ‘बिबिदो’. विशेषण म्हणून आलं की ते बदलतं: ‘लास बेन्तानास एस्तान आबिएर्तास’, खिडक्या उघड्या आहेत. कर्मणी प्रयोगातही बदलतं: ‘लास कार्तास फुएरोन एस्क्रितास पोर आना’, पत्रं आनाकडून लिहिली गेली. पण ‘आबेर’ हे सहायक क्रियापद आलं की शेवटचा ‘ओ’ हलत नाही. ‘ए’ असो, ‘आबिया’ असो की ‘आब्रे’, कर्ता बाई असो वा कर्म अनेकवचनी, रूप ‘एस्क्रितो’च.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. ‘आबेर’चा मूळ अर्थ ‘जवळ असणे’. ‘सिद’च्या मध्ययुगीन महाकाव्यात हे रूप कर्माप्रमाणे बदललेलं दिसतं, अगदी आपल्यासारखं. 1492 साली सालामान्कात आन्तोनियो दे नेब्रिखाचं कास्तिलियन व्याकरण छापलं गेलं, तोवर ‘आबेर’सोबतचं रूप इतकं गोठलं होतं, की नेब्रिखाने त्याला लिंग-वचन नसलेली शब्दांची वेगळी जातच मानली. कर्माप्रमाणे बदलण्याची जुनी रीत आज ‘तेनेर’ (जवळ असणे) या क्रियापदाकडे उरली आहे. ‘तेन्गो एस्क्रितास दोस कार्तास’ हे वाक्य शुद्ध आहे. अर्थ, दोन पत्रं लिहून तयार आहेत.

मराठी माणसाने इथे शाळेतला भावे प्रयोग आठवावा. ‘आईने मुलीला उठवलं’, ‘पोलिसांनी चोरांना पकडलं’: कर्त्याचं, कर्माचं काहीही असो, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. ‘आबेर’सोबतचं रूप असंच वागतं.

गैरसमज: ‘गेली आहे’मध्ये ‘आहे’ दिसतं, तर स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ म्हणजे ‘असणे’ लावावं.

वस्तुस्थिती: फ्रेंच आणि इटालियन भाषा जाण्या-येण्याच्या क्रियापदांना ‘असणे’ लावतात, आजची स्पॅनिश लावत नाही. ती गेली आहे म्हणजे ‘आ इदो’. ‘एस्ता इदा’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. शिवाय ‘आबेर’ आणि रूप यांच्यामध्ये दुसरा शब्द घुसवू नये. ‘मी त्याला कधीच पाहिलेलं नाही’ म्हणजे ‘नुन्का लो ए बिस्तो’. ‘कधीच’ आणि ‘त्याला’ दोघेही आधी येतात.

तिसरा गैरसमज इंग्रजीतून येतो: भूतकाळाचं रूप म्हणजे संपलेली गोष्ट. मग ‘ती बसली आहे’ यासाठी मुलं इंग्रजीच्या चालीवर ‘एस्ता सेन्तान्दो’ म्हणतात. त्याचा अर्थ ती कुणाला तरी बसवते आहे. हवं ते ‘एस्ता सेन्तादा’. मराठीत विचार केला असता तर अडचणच आली नसती: बसलेली, झोपलेला, टांगलेली. आपल्या ‘-लेला’ रूपांसारखीच ही रूपं आत्ताची स्थिती सांगतात. स्पॅनिश इंग्रजीमार्फत शिकवण्याचा हा तोटा आपल्या वर्गांनी मनावर घ्यायला हवा.

स्पॅनिशमधल्या दोन ‘असणे’पैकी ‘एस्तार’ तात्पुरत्या गोष्टींसाठी, ‘सेर’ कायमच्यांसाठी, हा नियमही इथे तोंडघशी पडतो. मेलेला माणूस ‘एस्ता मुएर्तो’च असतो, कारण ती घडलेल्या क्रियेनंतरची स्थिती आहे. ‘एस्तोय आबुर्रिदा’ म्हणजे मला कंटाळा आलाय. ‘सोय आबुर्रिदा’ म्हणजे मीच कंटाळवाणी आहे. मुलाखतीत जपून.

अनियमित रूपांचा बाऊ करू नये. ‘आबिएर्तो’, ‘दिचो’, ‘एचो’, ‘एस्क्रितो’, ‘पुएस्तो’, ‘रोतो’, ‘बिस्तो’, ‘बुएल्तो’ अशी डझनभर पाठ केली की त्यांच्यापासून झालेली बहुतेक क्रियापदं त्याच वाटेने जातात. छापणे, तळणे आणि पुरवणे या तीन क्रियापदांना दोन-दोन रूपं आहेत आणि ‘आबेर’सोबत दोन्ही चालतात. बटाट्याचे तळलेले काप मात्र ‘फ्रितास’च.

शेवटचा गैरसमज: हा काळ सगळीकडे सारखाच वापरतात. आज जेवण झालं हे सांगायला माद्रिदचा माणूस ‘ए कोमिदो’ म्हणतो, तर मेक्सिको आणि अर्जेंटिनात साधा भूतकाळ ‘कोमी’ जास्त ऐकू येतो. माद्रिदला जाणार असाल तर ‘आबेर’ची रूपं आधी तोंडात बसवा, ब्युनोस आयर्सला जाणार असाल तर साधा भूतकाळ.