मंगळाचे चित्र

रात्रीच्या आकाशात कधी कधी एक तांबूस ठिपका दिसतो. तो ताऱ्यांसारखा फारसा लुकलुकत नाही. तो मंगळ ग्रह होय. उर्दूत आपण त्याला मिर्रीख म्हणतो. सुमारे २६ महिन्यांनी एकदा मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो. त्या दिवसांत अंगणात लहानशी दूरबीण लावली, तरी त्याची तांबूस चकती आणि तिच्यावरचे काळसर डाग दिसू शकतात. दूरबिणीतून जे दिसते, त्याचे चित्र काढणे हा एक सुंदर छंद आहे. पण तो वाटतो तितका सोपा नाही.

इटलीतील मिलान शहरात स्कियापारेली नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. १८७७ साली त्यांनी दूरबिणीतून मंगळ पाहिला व त्याचा नकाशा काढला. नकाशात त्यांनी काही बारीक रेषा दाखवल्या आणि त्यांना 'कानाली' म्हटले. या इटालियन शब्दाचा अर्थ पाण्याचा नैसर्गिक प्रवाह असाही होतो. इंग्रजीत मात्र त्याचे भाषांतर 'कालवे' असे झाले. कालवे म्हटले, की ते खणणारे कोणीतरी हवेच! मंगळावर बुद्धिमान प्राणी राहतात, असे अनेकांना वाटू लागले. अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनी तर १८९४ साली फ्लॅगस्टाफ येथे वेधशाळा उभारली आणि अशा पुष्कळ रेषा काढल्या.

या रेषा खऱ्या होत्या काय? इंग्लंडमधील माँडर या खगोलशास्त्रज्ञांनी व त्यांचे सहकारी एव्हान्स यांनी एक साधा प्रयोग केला. तो १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ग्रिनिच येथील एका शाळेतील मुलांसमोर मंगळाचे चित्र ठेवले. त्यात ठिपके व डाग होते. कालवे मुळीच नव्हते. मुलांनी आपापल्या जागेवरून जसे दिसले तसे चित्र काढले. काही अंतरावर बसलेल्या मुलांच्या चित्रांत चक्क रेषा आल्या! मुले खोटे बोलत नव्हती. अस्पष्ट ठिपके डोळ्यांनी आपोआप जोडले होते.

पुढे १९०९ साली अंतोनियादी यांनी फ्रान्समधील मोठ्या दूरबिणीतून पाहिले, तेव्हा रेषांच्या जागी त्यांना वेडेवाकडे डाग दिसले. १९६५ साली मरिनर ४ या यानाने मंगळाजवळून छायाचित्रे पाठवली. त्यांतही कालवे नव्हते.

मुलांनो, तुम्हांला मंगळाचे चित्र काढायचे असेल, तर आधी कागदावर सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावा, म्हणजे डोळे दिपणार नाहीत. प्रथम काही वेळ नुसते पाहा. हवा स्थिर झाली, की क्षणभर चित्र स्पष्ट होते. तेवढेच पेन्सिलीने टिपा. मंगळ स्वतःभोवती फिरतो, म्हणून चित्र १५-२० मिनिटांत पुरे करा. दूरबिणीत चित्र उलटे दिसले, तर उलटेच काढा. खाली तारीख आणि वेळ लिहा. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा : दूरबिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळे कायमचे जाऊ शकतात.

पुस्तकातले चित्र आठवून एखादी रेषा घालण्याचा मोह होईल. तो आवरा. शंका वाटली, तर तेथे प्रश्नचिन्ह करा. तुमच्या चित्रात दोनच डाग असले, तरी चालेल; पण ते तुम्ही खरोखर पाहिलेले असावेत.