दुसऱ्या यंत्रासाठी बांधणी आणि संज्ञांची संदिग्धता

मनुष्याला वाचता येणाऱ्या आज्ञावलीचे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर कंपायलर करतो. हे रूपांतर ज्या संगणकावर होते त्याच संगणकासाठी ते असावे, असा नियम मात्र नाही. २०१५ साली आलेल्या ‘रास्पबेरी पाय झीरो’त १ गिगाहर्ट्‌झचा एकेरी प्रोसेसर व ५१२ मेगाबाइट स्मृती आहे. मोठे पॅकेज त्याच्यावरच बांधावयाचे तर तासच्या तास जातात, किंवा स्मृतीच अपुरी पडते. म्हणून ते वेगवान संगणकावर बांधून तयार वस्तू तेवढी छोट्या यंत्रावर नेण्याची रीत पडली.

या रीतीतील पुष्कळशा अडचणी वस्तुतः नावांच्या आहेत. डेबियन या लिनक्स-वितरणात ‘आर्मएचएफ’ हे नाव आर्म प्रोसेसरच्या सातव्या आवृत्तीचे वाचक आहे. पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर सहाव्या आवृत्तीचा. पाय झीरोचाही तोच. २०१२ साली रास्पबियनच्या कर्त्यांनी डेबियनची पॅकेजे सहाव्या आवृत्तीसाठी नव्याने बांधली, परंतु नाव ‘आर्मएचएफ’ हेच राखले. एका नावाखाली दोन बोली नांदू लागल्या! फंक्शनला मूल्ये पोचविण्याचा संकेत दोहोंत समान असल्यामुळे जोडणीही बिनतक्रार होते. डेबियनच्या कंपायलरने वेगवान संगणकावर बांधलेला प्रोग्रॅम पाय झीरोवर चालविला की अपरिचित आज्ञा येताच तो ‘अवैध आज्ञा’ एवढेच सांगून थांबतो. कंपायलरला सहावी आवृत्ती स्पष्टपणे सांगूनही भागत नाही. कारण प्रत्येक प्रोग्रॅमला जोडले जाणारे त्याच्यासोबतचे तयार भाग सातव्याच आवृत्तीतील असतात.

‘होस्ट’ या संज्ञेची गत याहून निराळी नाही. ग्नूच्या परिभाषेत बांधणारे यंत्र ते ‘बिल्ड’ आणि प्रोग्रॅम ज्यावर चालावयाचा ते ‘होस्ट’. ‘टार्गेट’ला अर्थ केवळ कंपायलरसारखी साधने बांधताना येतो. इतरत्र बांधणाऱ्या यंत्रासच ‘होस्ट’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि नवशिक्याची फसगत येथेच होते.

काम वाटून घेण्याचीही एक पद्धत आहे. ‘डिस्टसीसी’ हे साधन साधारणतः केवळ रूपांतराचे काम वेगवान यंत्राकडे धाडते. जोडणी मंद यंत्रच आपल्या लायब्ररींनिशी करते. जुना लॅपटॉप व नवा संगणक एकाच घराण्यातील असले की ही पद्धत विशेष उपयोगी पडते. मात्र प्रोसेसरचे नाव न देता ‘नेटिव्ह’ म्हटले, तर हा शब्द ‘येथे’, ‘मी’ यांसारखा ठरतो: उच्चारणारा बदलला की अर्थ बदलतो. हे ओळखूनच डिस्टसीसी असे काम बाहेर धाडीत नाही. मंद यंत्रालाच ते करावे लागते.